साडेचार वर्षांच्या पक्षाचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा, एका पक्षाचा अधिकृत शिक्का. पक्ष आता नाही, मी आहे. आणि बोलतोय म्हणजे तक्रार करायलाच तोंड उघडलंय म्हणा.

गेल्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी ताईच्या शिवणाच्या दुकानात आली. तिनं एक जाडजूड पुस्तक उघडून आमच्या पक्षावरच्या साडेतीन ओळी वाचून दाखवल्या. ‘डावीकडे झुकलेला, मध्यममार्गी, अल्पजीवी पक्ष. फारसा प्रभाव नाही. अंतर्गत वादातून विसर्जित.’ संपलं. ताईनं कात्रीसुद्धा खाली ठेवली नाही, नुसतं ‘हं’ म्हणाली. मला मात्र ते ‘अंतर्गत वाद’ फार झोंबलं. वाद म्हणजे काय, तर एक बहीण, एक भाऊ आणि कागदावरची एक ओळ. ती ओळ वाचली जात होती तेव्हा मी ताईच्या मुठीत होतो. इतक्या जवळ दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा विचारायचंच होतं तर मला विचारायला हवं होतं.

माझा जन्म कचेरीमागच्या गल्लीतला. तिथे शिक्के, पाट्या आणि किल्ल्या करून देणाऱ्यांची चार-पाच दुकानं आहेत. एका शिक्क्यासाठी अकरा माणसं एकदम आत शिरली, तेव्हाच शिक्केवाल्यानं ओळखायला हवं होतं की आज आपलं जेवण हुकणार. पक्षाचं नाव सहा शब्दांचं. गोलात चारच मावतील, दोन काढा, असं तो म्हणाला. झालं! एक म्हणे ‘लोकशाही’ काढा. दुसरा म्हणे, मग उरलं काय, ‘श्रमिक’ काढा. तिसरा म्हणे, ‘श्रमिक’ काढणार असाल तर मी इथूनच घरी जातो. दोन तास हे गुऱ्हाळ चाललं. मतदान घ्यायचं ठरलं, मग मतदान कसं घ्यायचं यावर मतदान झालं. शेवटी मास्तर म्हणाले, शब्द राहू द्या, शिक्काच मोठा करा.

म्हणून मी असा बशीएवढा. बाजारातल्या कुठल्याही शाईच्या पॅडवर मी मावत नाही, मला दोनदा टेकवावं लागतं. सरकारी फॉर्मवर शिक्क्यासाठी जी चौकट असते, ती मी दर वेळी ओलांडतो. मला हातात धरून शिक्केवाला हळहळला होता. असं बेढब काम आपल्या हातून कधी झालं नाही, म्हणाला. जन्मल्या जन्मल्या हे ऐकावं लागलं.

मास्तर म्हणजे आमचे अध्यक्ष. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्याआधी ते मोठ्या पक्षाच्या शहर शाखेचे अध्यक्ष होते. एके दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर त्यांनी न वाचताच शिक्का मारला. त्या कागदात लिहिलं होतं की कापड कारखान्यातली तीनशे माणसं कमी करायला शाखेची हरकत नाही. त्या तीनशेंतले कितीतरी मास्तरांच्या वर्गात बाकावर बसलेले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागून आणखी दहा जण बाहेर पडले. हाच आमचा पक्ष. एका न वाचलेल्या कागदाच्या पोटी जन्मलेला.

म्हणून आमच्या घटनेत कलम नऊ आलं. शिक्का कुणाही पदाधिकाऱ्याच्या घरी राहणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साध्या सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे तो महिनाभर. आणि कुठलाही कागद चार माणसांत मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यावर शिक्का उमटवायचा नाही. लोक आम्हांला हसले. पक्ष काढलाय की भिशी, असं विचारायचे. मला मात्र हा नियम फार सोयीचा होता. मी सगळं उलटं लिहून जन्माला आलो, सुलटं मला वाचता येत नाही. कुणी मोठ्यानं वाचलं तरच मला कळणार की मी कशाला साक्षी राहतोय. बाकीच्या शिक्क्यांना हे भाग्य नसतं, ते आयुष्यभर आंधळेपणानं डोकं आपटत राहतात.

तर मी घरोघर हिंडलो. बस कंडक्टरच्या घरी मला पावाच्या डब्यात ठेवत. एका नर्सच्या घरी मला रोज स्पिरिटनं पुसत, माझा रंगच उडायची वेळ आली. एका न्हाव्यानं मला आरशापुढे ठेवलं होतं. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की पक्ष सध्या माझ्याकडे आहे. माणसं मला घरी नेताना कुरकुरायची आणि महिना संपल्यावर परत देताना तोंड पाडायची. सत्ता कशी चिकटते हे मी पावाच्या डब्यातून पाहिलं.

डावे आम्हांला उजवे म्हणत, उजवे डावे म्हणत. आम्ही दोघांनाही सविस्तर पत्रं पाठवत असू. पण एक मागणी आमची पक्की होती. घरी बसून शिवण, विणकाम, पॅकिंग करणाऱ्या बायकांना किमान मजुरी आणि ओळखपत्र मिळावं, तसा कायदा व्हावा. ती मागणी ताईची. पहिल्या निवडणुकीत आम्ही नऊ ठिकाणी उभे राहिलो आणि आठ ठिकाणी सपाटून आपटलो. एक जागा मात्र एक्याण्णव मतांनी आली. ती आणली ताईनं, कारण त्या भागातल्या प्रत्येक शिवणाऱ्या बाईच्या दारात ती जाऊन आली होती. आणि निवडून आला तो ताईचा धाकटा भाऊ, आमचा चिटणीस. त्याला सगळे वकील म्हणत.

ताईबद्दल थोडं सांगायला हवं. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती आणि वकील दोन वर्षांचा. शाळा सुटली आणि ती आईशेजारी मशीनवर बसली. त्या मशीनवर भाऊ शिकला, काळा कोट चढवून कोर्टात उभा राहिला. तो पहिला कोटही ताईनंच शिवलेला. पहिल्या वर्षी तिच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा ती घाबरून गेली होती, कारण तिला पाटी वाचता यायची, पण सरकारी कागदातली जोडाक्षरं आली की ती अडायची. तेव्हा वकील महिनाभर रोज संध्याकाळी कोर्टातून थेट तिच्याकडे येऊन बसला. ‘अधिनियम’, ‘प्रतिज्ञापत्र’, ‘सर्वानुमते’. ती हातशिलाई करत म्हणायची, तो दुरुस्त करायचा, आणि आई आतून म्हणायची की हे मंत्र कुठल्या पूजेचे. महिनाअखेर ताई खणखणीत वाचायला लागली. भावाचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं. निवडून आला तेव्हाही तो एवढा फुलला नव्हता.

चौथ्या वर्षी मोठ्या पक्षाचं सरकार एका मतावर येऊन लटकलं. ते एक मत आमच्या वकिलाकडे होतं. त्यांनी त्याला बोलावणं धाडलं. कामगार खात्याचं उपमंत्रिपद देतो, या. पण एकट्यानं उडी मारली तर निवडून आलेली जागा जाते. अख्खा पक्षच त्यांच्यात विलीन झाला तर जागाही राहते आणि खुर्चीही मिळते. त्यासाठी निवडणूक कार्यालयात पक्षाचा ठराव हवा, सर्वसाधारण सभेत झालेला, आणि त्यावर मी हवा. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

कार्यकारिणीत अकरांपैकी सात जण विलीन व्हायला तयार झाले. मास्तर आणि तिघं नाही म्हणाले. पण कार्यकारिणीनं भागत नव्हतं, सभासदांची सभा हवी होती आणि सभेला वेळ नव्हता. त्या महिन्यात चिठ्ठी ताईच्या नावाची निघाली होती. यात काही लबाडी नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलंय. वकिलाला मात्र वाटलं, देवच पावला.

गुरुवारी सव्वातीनला दारात गाडी थांबली. मोठ्या पक्षाची गाडी होती, ड्रायव्हरनं इंजिन बंदच केलं नाही. ताई शाळेच्या गणवेशांचे काठ दुमडत होती. आतल्या दारात आई गुंड्या लावत बसली होती. शेजारच्या दोन बायका शिवलेला माल मोजायला आल्या होत्या. वकील आत आला, चपला न काढता. ताईच्या नजरेला ते आलं, खणाच्या फटीतून माझ्याही आलं.

‘ताई, शिक्का दे. घाई आहे,’ तो म्हणाला.

ताईनं खण उघडून मला बाहेर काढलं आणि कागद मागितला. त्यानं दिला. तिनं त्यावर नजर फिरवली. ती कुठे थांबली ते मला कळलं नाही, पण तिचा अंगठा माझ्या मुठीवर घट्ट झाला. मग तिनं कागद त्याच्याकडे परत केला.

‘तू वाच.’

तो हसला. शिक्का तुझ्याकडे, वाचायचं तू, म्हणाला. कागद मोठ्यानं वाचला गेला पाहिजे एवढंच नियमात आहे, कुणी ते नाही, असं ताईनं सांगितलं. वकिलाला नियम शिकवायची ती पहिलीच वेळ असावी. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं घड्याळ बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

ताईनं मला पॅडवर टेकवलं. एकदा, मग फिरवून दुसऱ्यांदा. शाई पूर्ण लागली. तिचा हात कागदाच्या जागेवर, हवेत, तयार होता. मी इतक्या हातांत राहिलोय, उमटवायला निघालेला हात मला कळतो. तो वाचत गेला. पक्षाचं सहा शब्दांचं नाव, नोंदणी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता. मग ती ओळ आली. गेल्या रविवारी भरलेल्या सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या दोनशे बारा सभासदांनी सर्वानुमते असा ठराव केला की...

त्या ओळीवर तो कुठेच थांबला नाही. आवाज हलला नाही, श्वास तुटला नाही. कोर्टात वाचावं तसं सरळ वाचून तो पुढच्या ओळीवर गेला आणि शेवटपर्यंत गेला. ताईचा हात हळूहळू खाली आला. मला तिनं आडवं ठेवलं, शाई गणवेशाला लागणार नाही इतपत लांब.

‘गेल्या रविवारी मी कुठे होते रे?’ तिनं विचारलं.

‘ताई, कागदावर तसं लिहावंच लागतं.’

‘कुठे होते?’

‘इथे. मशीनवर.’

‘मग दोनशे बारांतली एक कमी कर.’

आणि काय सांगू, त्यानं खिशातलं पेन काढलं, बाराचं अकरा केलं, शेजारी बारीक सही केली आणि कागद पुन्हा पुढे धरला. शेजारच्या बायकांपैकी एक फिसकन हसली. ताई हसली नाही.

मग तो समजावायला लागला आणि ते सगळं खोटं नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. कामगार खातं मिळतंय, तुझ्या बायकांचा कायदा ज्या खात्यातून निघायचा तेच. बाहेर राहून आपण आणखी दहा वर्षं पत्रकं वाटू. एका ओळीसाठी तू हजारो बायकांच्या ताटात माती कालवणार का? शेजारच्या बायकांचं हसू कधीच थांबलं होतं. आतून आई म्हणाली, ‘दे गं त्याला. भाऊ आहे तुझा.’

ताईनं मला खणात टाकलं, रिळांवर. माझ्या ओल्या तोंडानं दोन पांढरी रिळं बाद झाली. मग मशीन सुरू झालं. तो तसाच उभा असावा, कारण गाडीचा हॉर्न आणखी तीनदा वाजला. मग गाडी गेली.

मला वाटलं, जिंकलो. माझ्याशिवाय पक्ष कसा विलीन होईल? माझा तोरा दोन दिवस टिकला. शनिवारच्या वर्तमानपत्रात वकिलाचा फोटो आला, शपथ घेताना. पक्ष विलीन झाला होता. ताईनं बातमी दोनदा वाचली, खण उघडून मी जागेवर आहे की नाही ते बघितलं, आणि खण पुन्हा लावला.

सोमवारी शिक्केवाला पँटची लांबी कमी करायला आला. मापं देता देता सहज म्हणाला, तुमचा जुना शिक्का हरवला म्हणे. वकीलसाहेब गुरुवारी पावणेचारला आले होते, तासाभरात नवा करून दिला. या खेपेला मी कुणाचं ऐकलं नाही, अक्षरं बारीक केली, छान आटोपशीर झाला, चौकटीत बसेल असा. ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या आणि त्याला बसायला सांगितलं.

वकील काही खुळा नव्हता. निवडणूक कार्यालयाच्या फायलीत माझा बशीएवढा ठसा पडलेला आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण कुणी हरकत घेतल्याशिवाय फायली कोण उघडतो? आणि हरकत घ्यायला माझा खरा ठसा लागणार, जो ताईच्या खणात. ताई आपल्याविरुद्ध जाणार नाही, या एका खात्रीवर तो मंत्री झाला होता.

हरकतीची मुदत सात दिवसांची, म्हणजे गुरुवार संध्याकाळपर्यंत. मास्तर मंगळवारी अर्ज लिहून घेऊन आले. अक्षर सुरेख, भाषा कडक. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, ‘मी एकदा घाईत शिक्का मारलाय. तुला घाई कर म्हणणार नाही.’ चहाही न घेता गेले.

ते दोन दिवस त्या घरात मी कसे काढले, माझं मला माहीत. आईनं बोलणं टाकलं. बोलायची तेव्हा भिंतीकडे बघून, की पोटच्या पोरासारखा वाढवला आणि आता त्याच्याच मुळावर उठतेय. बुधवारी दुपारी वकिलाचा फोन आला. ताईनं तो कानाशी धरला आणि ऐकत राहिली, आवाज मला खणातसुद्धा पोचत होता. ‘सहा महिने दे ताई, फक्त सहा महिने. कायद्याचा मसुदा टेबलावर आहे माझ्या. तो होऊ दे, मग तू स्वतः येऊन मला तुरुंगात टाक.’ ताईनं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं एका शर्टाला दोन्ही उजव्या बाह्या लावल्या. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उसवत बसली, पुन्हा लावल्या, पुन्हा चुकली.

मला भीती वाटत होती. खरं सांगतो, शिक्क्यालाही वाटते. तिनं मला काढलं तर तिचा भाऊ जाणार, नाही काढलं तर मी जन्मभर एका खोट्याचा जुळा भाऊ म्हणून जगणार.

गुरुवारी दुपारी तिनं सभासदांना निरोप धाडले. एकोणीस जण आले. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, काही कापडाच्या गठ्ठ्यांवर बसले. न्हावी होता, नर्स होती, मास्तर दारात. ताईनं अर्ज वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. ‘आमचे माजी चिटणीस’ असं मास्तरांनी लिहिलं होतं.

‘यात माझा भाऊ हे कुठेच नाही,’ ती म्हणाली.

त्याची गरज नाही, मास्तर म्हणाले.

‘आहे. लिहा. माझा सख्खा धाकटा भाऊ.’

मास्तरांनी लिहिलं. ओळ तिरकी गेली. मग ताईनं पहिल्यापासून वाचलं. भावाच्या त्या तिरक्या ओळीवर आली तेव्हा तिचा आवाज गेला. ती थांबली, पाणी प्यायली, ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचली आणि पुरी केली. आत आईनं दार लावून घेतलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ताईनं मला पॅडवर दोनदा टेकवलं आणि चौकट ओलांडून कागदावर दाबलं. इतकं जोरात मला कुणी कधी दाबलं नव्हतं.

पुढचं भरभर झालं. कार्यालयात दोन ठसे शेजारी शेजारी ठेवले, लहान पोरालाही फरक कळला असता. विलीनीकरण रद्द. अकरा दिवसांत उपमंत्रिपद गेलं, मग निवडून आलेली जागा, मग दोन वर्षांसाठी वकिलीची सनद. सरकारनं दुसरीकडून एक मत पैदा केलं आणि ते चालू राहिलं. कायद्याचा मसुदा बासनात गेला. ज्या बायकांसाठी ताईनं चपला झिजवल्या, त्यांच्यातलीच एक दुकानात येऊन तिला म्हणाली, तुझ्या खरेपणावर आमची चूल पेटत नाही. कायदा पुढे नऊ वर्षांनी आला, मोठ्या पक्षानंच आणला, अर्धामुर्धा.

आमच्या पक्षात मग कोण राहणार? सात जण वकिलाबरोबर गेले होते, ते परतले नाहीत. उरलेले एकमेकांना दोष देत पांगले. चौदा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, ताईच्या दुकानातच तेवीस माणसं जमली आणि पक्ष विसर्जित करायचा ठराव झाला. वाद झाला नाही, मतदान कसं घ्यायचं हेही कुणी विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं की पक्ष आधीच मेलाय. ताईनं ठराव वाचला, मी उमटलो. आता कलम नऊ कुणाला लागू नाही, शिक्का तुझ्याकडेच ठेव, असं सांगून मास्तर गेले.

त्या चौदा महिन्यांत वकील दर रविवारी आईला भेटायला येत होता, पण मागच्या दारानं. ताई पुढे मशीनवर, तो मागे आईपाशी. मधला पडदा कुणी सरकवला नाही. त्या रविवारी मात्र माणसं गेल्यावर तो पुढच्या दारानं आला. चपला बाहेर काढल्या. केस कानांवर पांढरे झाले होते. मी टेबलावरच होतो, शाई अजून ओली. त्यानं मला उचललं, उलटसुलट बघितलं आणि परत ठेवलं. मग स्टुलावर बसला.

ताईनं मशीनच्या सुईत दोरा ओवला. मग त्यानं विचारलं, ‘ताई, त्या दिवशी वाचताना त्या ओळीला मी अडखळलो असतो तर?’

‘मारला असता शिक्का.’

‘खोट्यावर?’

‘हो. तुला लाज वाटतेय एवढं दिसलं असतं, तरी मारला असता. हात तयार होता माझा.’

त्याच्या बोटांना शाई लागली होती, ती बोटं तो एकमेकांवर चोळत राहिला.

‘आदल्या दिवशी मी घरी वाचून बघत होतो,’ तो म्हणाला. ‘दर वेळी त्याच ओळीला जीभ अडकायची. तुझ्यापुढे अडकू नये म्हणून चौदा वेळा वाचला.’

ताईनं दोन्ही हात मशीनवर ठेवले आणि ती रडायला लागली. अर्जावर मला दाबताना रडली नव्हती, आईनं दार लावलं तेव्हा रडली नव्हती, ते सगळं त्या वेळी आलं. आई पडद्याआडून बाहेर आली, काय झालं म्हणून दोघांना विचारू लागली.

आता मी खणात असतो, रिळांच्या शेजारी. माझं रबर कडक झालंय, कडेचं एक अक्षर तुटलंय, कुणी मला पॅडवर टेकवलं तरी मी अर्धाच उमटेन. वकिलाची सनद कधीच परत मिळाली, पण मोठी वकिली त्यानं पुन्हा केली नाही. दुकानातल्या स्टुलावर बसून तो शिवणाऱ्या बायकांचे अर्ज लिहून देतो. भाऊबहीण त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललेली मी ऐकली नाहीत. भांडतात मात्र रोज, पंखा किती जोरात ठेवायचा यावरून.

माझं काही मागणं नाही. पक्ष नसलेल्या शिक्क्यानं मागायचं तरी काय? एवढंच सांगून खण लावून घेतो. तुमच्यापुढे कुणी कागद ठेवला तर तो मोठ्यानं वाचा, नाहीतर वाचायला लावा. आणि वाचणारा कुठे अडखळला तर त्याला हसू नका, घाई करू नका. तिथे त्याच्याजवळ थोडं थांबा.